एका कोयत्यातल्या दोन जावा

माझी माय आणि मोठमाय, म्हणजे वडलांच्या थोरल्या भावाची बायको, एका खोलीत राहत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. जे काही सांगायचं ते माझ्या तोंडून. "सुमन, तिले सांग, पानी भरी ठेयेल शे." मोठमाय हाताच्या अंतरावर बसलेली असायची. मी मान वळवून तेच वाक्य तिला सांगायची. मग तीही माझ्याकडेच बघून म्हणायची, "तिले सांग, माले डोया शेतस," म्हणजे मला डोळे आहेत. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते आणि दिवसभर या दोघींचे वार इकडून तिकडे पोचवत होते.

आमची ओरडी नवागामच्या बाजूला होती. खोलीला सुरतेत ओरडी म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो. वर पत्रा, खाली सारवलेली जमीन आणि मागच्या भिंतीला चिकटून मागांचा कारखाना. माग चालू असले की ती भिंत थरथरायची. फळीवरची भांडी हळूहळू सरकत कडेला यायची आणि येता-जाता ती मागे ढकलणं हे आमच्या घरातलं एक कामच होऊन बसलं होतं. नाना, माझे वडील, त्याच कारखान्यात माग चालवायचे. त्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते, म्हणून ते सगळंच ओरडून बोलायचे. "पोरी, जेवनी का?" हेसुद्धा शेजारपाजारी शिवीसारखं ऐकू जायचं. घरमालकीण मणिबेन समोरच्या ओटल्यावर पापडी सोलत बसलेली असायची. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आ घाटी लोको धीमे बोलतां शिख्या ज नथी," म्हणजे हळू बोलायला शिकलेच नाहीत. नळ तिच्या अंगणात होता. तिची मर्जी बिघडली की तो कोरडा पडायचा आणि मग आमच्याच ओळीतल्या बायका, आमच्याच खानदेशातल्या, एकमेकींचे हंडे लाथेनं बाजूला सारायच्या. गरीब माणसं एकमेकांना धरून राहतात असं आता पुष्कळ जण लिहितात. राहत असतील. आमच्या ओळीत मी तसं पाहिलेलं नाही.

मायकडे मात्र युक्त्या होत्या. भाजीबाजार उठायच्या वेळेला ती पिशवी घेऊन जायची आणि फ्लॉवरचे दांडे, मुळ्याचा पाला, मटाराची टरफलं उचलून आणायची. मटाराच्या टरफलाच्या आत एक कडक पापुद्रा असतो. तो नखानं ओढून काढला की उरलेली साल कोवळी लागते. तो पापुद्रा न तुटता काढायला मी तिच्याकडूनच शिकले. चूल पेटवायला लाकूड परवडायचं नाही, म्हणून वखारीतला भुसा एका डब्यात ठासून भरायचा, मधे बाटली उभी धरून भोक ठेवायचं, आणि त्या भोकात आग घालायची. ती शेगडी धुमसत राहायची, डोळ्यांत पाणी आणायची, पण स्वयंपाक व्हायचा. रेशनवर लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना तुटायची. माय तिच्यात उडदाची चूर घालून चिकटपणा आणायची. दुपारी ती जरीच्या बॉबिनी भरायची. तिचा हात रिकामा असलेला मला आठवत नाही.

त्या साली खानदेशात पाऊस झाला नाही. विहिरींचे तळ दिसले, आणि एका दुपारी मोठमाय, तिचा नवरा मोठाबाबा आणि त्यांची दोन पोरं बोचकी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. मोठाबाबा दाराच्या चौकटीला टेकून खोकत होता. मोठमायनं डोक्यावरचं बोचकं खाली ठेवलं नव्हतं. ठेवू की नको, याची ती वाट बघत होती.

इथे मागची गोष्ट सांगायला हवी. आम्ही सुरतेला आलो तेच मोठमायमुळे. गावात एकाच घरात दोन वाटे झाले होते, दोन चुली होत्या. मी सहा वर्षांची असेन, माझा धाकटा भाऊ दिलीप मायच्या पोटात होता. एका सकाळी माय भाकरी थापत होती आणि मोठमाय आली, तिनं तव्यासकट चुलीला लाथ घातली. मातीची चूल फुटली. अर्धी भाजलेली भाकर राखेत पडलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. "नीघ मन्हा घरमाईन," मोठमाय ओरडत होती. माय एक शब्दही उलटून बोलली नाही. त्याच आठवड्यात नानांनी गाव सोडलं. का लाथ घातली ते मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या घरात मोठमाय म्हणजे चूल फोडणारी बाई, एवढंच मी शिकले.

तीच बाई दारात उभी होती. मला वाटलं, माय दार लावून घेईल. मायनं तिच्याकडे पुरतं बघून घेतलं आणि मला म्हणाली, "सुमन, पाय धुवाले पानी दे."

मला वाटलं, माय विसरली. माय काहीही विसरली नव्हती. त्या संध्याकाळपासून तिनं सूड घ्यायला सुरुवात केली, आणि तो तिनं भाकरीनं घेतला. पहिलं ताट मोठमायचं. सगळ्यात जाड भाकरी तिची, भाजी तिच्या पोरांना. मी वाढायची आणि माय शेगडीजवळून सांगायची, "आजून वाढ तिले. लाजू नको म्हना. आठे कोनी चूल फोडत नही." सकाळी नळावर ती साऱ्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणायची, "जिनी मन्ही चूल फोडी, तिले मी दोन्ही टाइम जेवाडस." बायका वळून मोठमायकडे बघायच्या. मोठमाय हंडा भरायची आणि खाली मान घालून निघून यायची. स्वयंपाकाला हात लावू द्यावा, बॉबिनी भरू द्याव्या, तेही नाही. मोठमायनं पिठाच्या डब्याकडे हात नेला की माय म्हणायची, "तिले सांग, पाव्हनीनी काम करू नही." उरलं तर माय खायची. आम्ही दोघं भावंडं पाणी पिऊन झोपलो असे पुष्कळ दिवस गेले. मायचा सूड आमच्या पोटातून वसूल होत होता, आणि मला त्या दोघींचा सारखाच राग यायचा.

आता माझ्या घरी गॅस आहे, फ्रिज आहे, आणि सून चांगली आहे. पण पंगतीत कोणी कोणाला आग्रह करकरून वाढू लागलं की मी वाढणाऱ्याचा हात धरते. मी म्हणते, विचारा त्याला, पाहिजे का. सून हसते. तिला वाटतं मला म्हातारपणी चिक्कूपणा आला.

मायचं ते वाढणं फार दिवस चालणार नव्हतंच. चांदणी पाडव्याला सुरतेत घरोघर घारी खातात. तुपानं माखलेली ती जड मिठाई आम्ही फक्त हलवायाच्या दुकानात पाहिली होती. त्या दिवशी मणिबेनला काय वाटलं कोण जाणे, तिनं एक फुटकी घारी कागदात गुंडाळून "छोकराओ माटे" म्हणून आमच्या दारात दिली. दिलीप कागदाजवळून हलेना. मायनं घारीचे दोन तुकडे केले आणि दोन्ही मोठमायच्या पोरांच्या हातावर ठेवले. दिलीपनं हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. मग त्यानं भोकाड पसरलं. मोठमाय उठली. तिनं आपल्या पोरांच्या हातातून दोन्ही तुकडे हिसकावले, धाकट्याच्या तर तोंडातून काढला, आणि दिलीपच्या ओंजळीत कोंबले. मग ती मायपुढे उभी राहिली आणि तिच्याशी पहिल्यांदा थेट बोलली.

"तू माले जेवाडत नही. तू माले रोज चारचौघास्मां उघडं पाडस."

"मंग नको खाऊ," माय म्हणाली.

सकाळी ती चौघं निघून गेली. चलथाणच्या साखर कारखान्याला ऊस तोडायला टोळ्या येतात, तिकडे गेली असं कळलं. माय त्या दिवशी शेगडीपुढे नुसती बसून होती. तिला जिंकल्यासारखं वाटत असेल असं मला वाटलं होतं. पण ती दिवसभर विनाकारण माझ्यावर खेकसत होती.

थंडी सुरू झाली आणि कारखान्याच्या शेठनं माग विकून टाकले. एका सकाळी भिंत थरथरली नाही. ती शांतता मला अजून ऐकू येते, इतकी ती वाईट होती. नाना दुसरीकडे माग शोधत हिंडले. सगळीकडे वीज जात होती, सूत मिळत नव्हतं, आणि बहिऱ्या कारागिराला कोण घेणार? मग ते मालधक्क्यावर हमालीला उभे राहू लागले. बोलावलं तर काम, नाहीतर पाय ओढत परत. मायच्या युक्त्याही संपत आल्या. बाजारातल्या पाल्यावर आता पुष्कळ हात पडायला लागले होते. एकदा मुळ्याच्या पाल्यावरून एका बाईनं मायच्या मनगटाला चावा घेतला. ते दातांचे वण घेऊन ती घरी आली आणि पाला निवडायला बसली. त्या बाईला दोष देताना मी तिला ऐकलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तिनी बी पोरं व्हतीन." मणिबेन भाड्यासाठी दारात येऊन उभी राहायची आणि फळीवरच्या भांड्यांकडे बघायची.

अशा एका दुपारी मोठमाय आली. काळी पडली होती. हात कोपरापर्यंत ओरखड्यांनी भरले होते. ती आत आली नाही. उंबऱ्यातूनच तिनं थंड शेगडी बघितली, रिकामी पिशवी बघितली. मोठाबाबाचा दम वाढला होता, तो गावी परत गेला होता, पोरं फडावरच होती. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक तोडतो, एक मोळी बांधतो. एकट्या बाईला मुकादम ठेवत नाही.

"मुकादम माले काढी देस," मोठमाय सरळ मायला म्हणाली. "जोडी नही म्हने. येनं व्हई तं ये. पन आयकी ले, फुकट जेवाडाव नही मी तुले."

मायनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. मोठमाय तिथेच भिंतीला टेकून बसली. संध्याकाळी नाना रिकामे परत आले. सगळं ऐकून त्यांनी ओरडून विचारलं, "जाशी का तू?" साऱ्या ओळीनं ऐकलं. माय म्हणाली, "जासू. पन मन्ही चूल न्यारी."

सकाळी उधन्याहून गाडीत बसून माय, मोठमाय, मी आणि दिलीप चलथाणला गेलो. नाना ओरडीत राहिले, माझी शाळा बुडाली. उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या खोप्या होत्या, त्या वस्तीला पडाव म्हणत. मुकादमानं आम्हाला बघून मान हलवली. "बाई-बाईचा कोयता नाही होत," तो म्हणाला.

"ऊस तोडाले मिशा लागतस का रे?" मोठमायनं विचारलं. आसपासची माणसं हसली. मुकादमही ओशाळून हसला आणि म्हणाला, "मोळ्या कमी पडल्या तर त्याच दिवशी वाट धरायची."

एका खोपीत आम्ही दोन चुली मांडल्या. मिळणारं धान्य दोन डब्यांत वेगळं. स्वयंपाक मी करायची, मायच्या चुलीवर आमचा, मोठमाय तिच्या चुलीवर तिचा. पहाटे दोघी फडात जायच्या. मोठमाय बुडातून ऊस तोडायची, वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, छाटायची. माय गोळा करून मोळी बांधायची. उसाचं पान करवतीसारखं असतं. पहिल्या काही दिवसांत मायच्या हातांची सालटी निघाली, बोटं सुजून मिटेनाशी झाली. जरीच्या बारीक कामाची सवय असलेले ते हात. मोठमाय मागे वळून बघायची आणि मोळी ढिली दिसली की लाथेनं उलटी करायची. "सुरतनी शेठानी," म्हणायची. माय ती मोळी पुन्हा बांधायची. आणि मी भाकरी घेऊन फडात गेले की पुन्हा तेच, "सुमन, तिले सांग..."

असा एक दिवस आला की माय फडातच खाली बसली. उन्हं चढली होती. मी भाकरी घेऊन पोचले तर ती पाचटावर दोन्ही हात मांडीत उलटे ठेवून बसलेली. "तिले सांग," ती मला म्हणाली, "मन्हाकडथून व्हत नही."

मी मोठमायकडे जाऊन सांगितलं. मोठमाय कोयता घेऊन तरातरा आली. मला वाटलं, आता पाणी देईल, नाहीतर धीराचं काही बोलेल.

"उठ," ती म्हणाली. "बसाले आनेल नही तुले आठे."

मायच्या आत सात वर्षं कोंडलेलं ते बाहेर पडलं. ती उठली, मोळी आवळायला लागली, आणि तोंडानं सुरू झाली. चूल, तवा, राखेतली भाकर, गाव सोडताना मागे वळून न बघितलेला उंबरा, सगळं. मोठमाय तोडत होती आणि तीही उलट बोलत होती. दोघींचे हात चालूच. आजूबाजूचे कोयते थांबले, माणसं ऐकू लागली. मोठमायचा आवाज एकदम चढला.

"घरमां मयत पडेल व्हतं! मन्ही पोर गयी व्हती, नि तू चूल पेटाडी! भाकरीना वास उना माले. मी पोरना अंगना वास सोधी राह्यंती, नि माले भाकरीना वास उना!"

मला त्या मुलीची आठवणच नव्हती, आमच्या घरात कोणी तिचं नावही काढत नसे. तापानं गेलेली तान्ही मुलगी होती म्हणे. सुतकात आमच्या भावकीत कोणाच्याच घरी चूल पेटत नाही.

मायचे हात थांबले. ती आता ओरडत नव्हती. "तुन्हा पोऱ्या भुक्या व्हता," ती म्हणाली. तिनं बांधावर बसलेल्या मोठमायच्या थोरल्या मुलाकडे हात केला. "हाऊच. कालदिनपाईन रडी राह्यंता. तुमी सर्वा मयतपान बठेल. त्याना तोंडमां घास कोन घाली? म्हनीसन पेटाडी."

मोठमायनं मुलाकडे बघितलं. तो आठ-दहा वर्षांचा पोरगा ऊस चघळत होता, त्याला काहीच समजलं नव्हतं.

"तवय काब्र, का नही सांगं?" तिनं विचारलं.

"तू इचारं कवय? लाथच घाली तू."

त्यानंतर गळ्यात पडणं, रडणं असलं काही झालं नाही. मी थांबले होते, पण झालं नाही. मोठमायनं डोक्यावरचा पदर खाली ओढला, कोयता उचलला आणि पुढच्या उसाच्या बुडावर असा घाव घातला की ऊस उडून बाजूला पडला. माय तो उचलायला गेली. थोड्या वेळानं मोठमाय म्हणाली, "गाठ उलटी मार, सुटाव नही." मायनं गाठ उलटी मारली. त्या दिवसापासून माझं निरोप्याचं काम सुटलं. दोघी थेट भांडू लागल्या आणि हंगाम संपेपर्यंत रोज भांडत राहिल्या. चुली शेवटपर्यंत दोनच राहिल्या. पण मुकादमाला त्या कोयत्याबद्दल पुन्हा बोलायची वेळ आली नाही.

एका दुपारी कोयता निसटून मोठमायच्या पायाला लागला. मायनं आपल्या पदराची चिंधी फाडली, तंबाखू चुरून जखमेवर दाबला आणि "आंधयी शे का तू," म्हणत चिंधी इतकी घट्ट आवळली की मोठमाय ओरडली. तेवढं एकदाच मी त्यांना एकमेकींच्या अंगाला हात लावताना पाहिलं.

हंगाम संपला तसं नानांना सुरतेतच गोडादऱ्यात एका नव्या कारखान्यात माग मिळाला. आम्ही परत आलो, मी पुन्हा शाळेत जाऊ लागले. मोठमाय पोरांना घेऊन गावी गेली. त्या वर्षी तिकडे पाऊस चांगला झाला. जाताना ती मायला "येस", म्हणजे येते, म्हणाली की नाही, मला आठवत नाही. बहुतेक म्हणालीच नाही. पुढची कित्येक वर्षं निरोप नाही, चिठ्ठी नाही. मी मायला एकदा विचारलं, तुझा राग गेला का? ती जरीची बॉबिन भरत होती. म्हणाली, "राग कसाले जाई? पन तिनी माले पाव्हनी नही करी." मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. इतक्या दिवसांत पोटात सुखानं गेलेली भाकरी मायला फडातच मिळाली होती, कारण ती कोणी वाढलेली नव्हती. हे कळायला मला स्वतःच्या संसाराची बरीच वर्षं जावी लागली.

माझं लग्न गोडादऱ्यातच झालं. कारखान्यासमोरच्या मोकळ्या जागेत मांडव होता. वऱ्हाडी आले, आणि त्यांच्या मागून, कोणी बोलावलं होतं की नव्हतं देव जाणे, मोठमाय आली. केस पिकलेले, पाय थोडा ओढत. माझ्या सासरच्या बायकांनी, मुलीची थोरली चुलती म्हणून, तिला सतरंजीवर मानानं बसवलं, हातात सरबताचा पेला दिला. ती पेला धरून अवघडून बसली होती. पीत नव्हती. मांडवातले सगळे तिच्याकडे बघत होते, निदान तिला तसं वाटत असणार.

माय स्वयंपाकाच्या बाजूनं आली. तिनं मोठमायला बघितलं. मायचा तो चेहरा मला माहीत होता.

"बशी काय राह्यनी?" माय सगळ्यांसमोर म्हणाली. "बट्टीनं पीठ पडेल शे तठे."

माझ्या सासूबाई दचकल्या. "अहो, थोरली जाऊ ना तुमची? आल्या आल्या कामाला लावता?" त्या म्हणाल्या. आजूबाजूला कुजबुज झाली. नानांनी कान पुढे करून ओरडून विचारलं, "काय व्हयनं?"

मोठमायनं सरबताचा पेला खाली ठेवला, पदर खोचला आणि उठली. मोठ्या परातीपुढे बैठक मारून तिनं पिठात दोन बोटं खुपसली. "हाई पीठ कोनी मळं?" तिनं विचारलं. "पानी जास्त व्हई गयं. ढोर बी खावाव नही."

"मीच मळं," माय म्हणाली आणि समोर बसली. "तुले जमस तं कर."

मांडवात उभी राहण्याआधी मी पाया पडायला गेले, तेव्हा दोघींचे हात कोपरापर्यंत पिठात होते. दोघींनी कोपरं माझ्या डोक्याला टेकवून आशीर्वाद दिला, आणि मी पाठ फिरवली न फिरवली तोच पुन्हा पिठावरून सुरू झाल्या.